देहातील नंदादीप : उपवासाचे व्रत आणि अन्नाचे गणित

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, पत्रावळीवरील काळ्या मातीत धान्य पेरले जाते आणि देवीसमोर अखंड नंदादीप प्रज्वलित होतो. करमाळा शहरालगत श्रीदेवीच्या माळावर, रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या कमलादेवीच्या राउळात, या नऊ दिवसांत पंचक्रोशीतील भाविकांची रीघ लागते. या देवस्थानी ९६ या संख्येचे मोठे माहात्म्य सांगतात. मंदिराचे खांब ९६, ओवऱ्या ९६ आणि बारवेच्या पायऱ्याही ९६. आईचे बोट धरून त्या पायऱ्या मोजत उतरणारी मुले पाहिली म्हणजे वाटते, आपल्या भक्तीला गणिताचे वावडे कधीच नव्हते. जपाची माळ १०८ मण्यांची, श्वासोच्छ्वासाचा अजपाजप दिवसाला २१,६०० वेळा, घटाला माळा नऊ. मोजणे हेही आपल्याकडे एक प्रकारचे स्मरणच आहे.

मात्र एक गणित आपल्या घरातून राहून गेले आहे. देवीपुढील दिवा नऊ दिवस तेवत राहावा म्हणून समईत तेल किती उरले, वात कितपत सरली, हे घरातील माउली रात्री दोनदा उठून पाहते. तीच माउली त्या नऊ दिवसांत कपभर चहावर दुपार काढते, दोन वेगवेगळ्या चुली सांभाळते, शेतावर जाते आणि संध्याकाळी घेरी आली तर ‘उपवास आहे, चालायचेच’ असे म्हणून भिंतीला टेकते. तिच्याही देहात एक नंदादीप अहोरात्र जळत आहे. त्याला किती तेल लागते, हे मात्र कोणी पाहत नाही. आजचा हा लेख त्या तेलाविषयी आहे.

वैश्वानर अग्नी

श्रीमद्भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, प्राणिमात्रांच्या देहात वैश्वानर नावाचा अग्नी होऊन मीच राहतो आणि प्राण व अपान यांच्या साहाय्याने चार प्रकारचे अन्न मीच पचवतो. कीर्तनाच्या श्रोत्यांस हा भाग परिचित आहे. परंतु त्याचा अर्थ आपण जेवणानंतरच्या पचनापुरताच घेतो. जणू हा अग्नी पान वाढल्यावर पेटतो आणि आचवल्यावर विझतो!

वस्तुस्थिती तशी नाही. मनुष्य गाढ झोपेत असतानाही त्याचे हृदय धडधडत असते. दिवसाकाठी त्याचे सुमारे एक लक्ष ठोके पडतात. फुप्फुसे भात्याप्रमाणे चालू असतात. अजपाजपाची २१,६०० ही संख्या मिनिटाला पंधरा श्वासांची होते, आणि विश्रांतीत बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास वैद्य मोजतात तेही मिनिटाला बारा ते वीस याच मर्यादेत भरतात. मूत्रपिंडे रक्त गाळत असतात, यकृत शेकडो उलाढाली करीत असते, अंगाची ऊब राखली जाते, जुन्या पेशी जाऊन नव्या घडत असतात. बोटही न हलवता, केवळ जिवंत राहण्यासाठी देह जी शक्ती खर्च करतो, तिला आजचे शास्त्र ‘मूलभूत चयापचय’ असे नाव देते. चय म्हणजे साठवण, अपचय म्हणजे झीज. या दोहोंचा अखंड व्यापार तो चयापचय, आणि त्याचा किमान, न टाळता येणारा वेग तो मूलभूत चयापचयाचा दर.

देहात काहीतरी जळते आहे हे मोजून दाखवण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात झाला. लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन पंडितांनी गिनीपिग नावाचा उंदराच्या जातीचा एक लहान प्राणी बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते त्यांनी मोजले, आणि त्याच्या श्वासातून निघालेल्या वायूचा हिशेब कोळसा जळताना निघणाऱ्या वायूशी ताडून पाहिला. श्वसन हे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आमच्या ऋषींनी तराजू घेऊन हे मोजले होते असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांनी अग्नी ओळखला, या मंडळींनी त्याचे माप घेतले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी थोर आहेत.

तेलाचे माप

या अग्नीचे माप उष्मांकात, म्हणजे कॅलरीत, करतात. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास जी उष्णता लागते, ती आहारशास्त्रातील एक कॅलरी. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून साधारण चार आणि एक ग्रॅम तेलातुपातून नऊ उष्मांक मिळतात.

मूलभूत दर मोजण्याची रीत पाहिली तर गंमत वाटेल. माणसाने पोटात बारा तास अन्न गेलेले नसताना, सकाळी, जागेपणी, स्वस्थ आडवे पडून, मन शांत ठेवून, फार थंड वा उष्ण नसलेल्या खोलीत मोजणी करून घ्यायची. उपाशीपोटी, निश्चल आणि शांतचित्त! या अवस्थेत देह श्वासावाटे किती प्राणवायू घेतो त्यावरून आतला अग्नी किती प्रखर आहे ते कळते. अमेरिकेतील हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या अशा मोजण्यांवरून वजन, उंची, वय आणि स्त्री-पुरुष भेद यांचे सूत्र १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. नंतर अधिक नेमकी सूत्रे आली, पण पाया तोच राहिला.

आपल्या देशात हे काम हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था करते. तिचा आरंभ १९१८ मध्ये नीलगिरीतील कुन्नूर येथे एका लहानशा चौकशी केंद्राच्या रूपाने झाला आणि १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि ही संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींत ५५ किलो वजनाची प्रौढ स्त्री आणि ६५ किलो वजनाचा प्रौढ पुरुष हे प्रमाण धरले आहे. बैठे काम करणाऱ्या स्त्रीस दिवसाला १,६६०, मध्यम श्रमाच्या स्त्रीस २,१३० आणि कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीस २,७२० उष्मांक लागतात. पुरुषाचे आकडे याच क्रमाने २,११०, २,७१० आणि ३,४७० असे आहेत.

आता यातला केवळ नंदादीपाचा भाग किती? त्या स्त्रीच्या बाबतीत सुमारे १,१९० आणि पुरुषाच्या बाबतीत सुमारे १,५१०. बैठ्या माणसाच्या एकूण गरजेपैकी शंभरात सत्तर भाग हा निव्वळ जिवंत राहण्याचा खर्च आहे! चालणे, बोलणे, दळणकांडण, टाळ-मृदंग हे सारे उरलेल्या तीस भागांत. घरी आडाखा बांधावयाचा असेल तर पुरुषाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २३, आणि स्त्रीच्या दर किलोमागे २१ ते २२ उष्मांक धरावेत. ४५ किलोच्या माउलीचा हा अखंड खर्च हजाराच्या आसपास जातो.

पूर्वी घरोघरी साठ वॉटचा पिवळा दिवा असे. ५५ किलोच्या स्त्रीचा मूलभूत दर दिवसाच्या सेकंदांत वाटला तर तो ५७ वॉट भरतो. म्हणजे आपल्या घरातील प्रत्येक माणूस हा साठ वॉटचा, रात्रंदिवस न विझणारा दिवा आहे. आणि तेलाच्या भाषेत सांगावयाचे तर तो रोज १३० ग्रॅमहून अधिक तेल जाळतो. देवीच्या समईपेक्षा हा दिवा थोडा नव्हे, चांगलाच खर्चिक आहे.

या दिव्याच्या ज्योती सर्वांच्या सारख्या नसतात. मेंदू वजनाने देहाचा पन्नासावा हिस्सा, पण विश्रांतीतील खर्चाचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. स्नायू अधिक असतील तर अग्नी अधिक. म्हणूनच सारख्या वजनाच्या स्त्रीपेक्षा पुरुषाचा दर जास्त भरतो. अंगात ताप असेल तर तापमानाच्या दर अंशामागे हा खर्च सुमारे दहा टक्के वा त्याहून थोडा अधिक वाढतो. गळ्यातील अवटू ग्रंथी मंदावली तर तो उतरतो, चाळवली तर भडकतो. तिशी ओलांडली की अग्नी मंदावतो अशी समजूत आहे. परंतु २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांच्या मोजण्यांवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की, शरीराच्या आकाराचा हिशेब वजा केल्यास विशीपासून साठीपर्यंत हा दर जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर हळूहळू उतरू लागतो. चाळिशीतील सुटलेल्या पोटाचा दोष वैश्वानराच्या माथी मारण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही.

श्वेतकेतूचे पंधरा दिवस

अन्न आणि बुद्धी यांचा संबंध छांदोग्य उपनिषदाने एका लहानशा कथेत असा काही दाखवला आहे की तिला तोड नाही. बारा वर्षे गुरुगृही राहून वेद शिकून आलेला श्वेतकेतू आपल्या विद्येने फुगला होता. पिता उद्दालक आरुणी त्यास म्हणाला, पंधरा दिवस काही खाऊ नकोस. पाणी मात्र हवे तितके पी, कारण प्राण पाण्यावर टिकतो. सोळाव्या दिवशी पित्याने त्यास वेदमंत्र म्हणावयास सांगितले. श्वेतकेतूला एकही मंत्र आठवेना. तेव्हा उद्दालकाने दृष्टान्त दिला : मोठ्या धगधगत्या अग्नीतून काजव्याएवढा एकच निखारा उरला तर तो फारसे काही जाळू शकत नाही, तशी तुझ्या सोळा कलांतील एकच कला उरली आहे. जा, जेव. श्वेतकेतू जेवला आणि विचारलेले सारे त्यास आठवू लागले. पित्याने पुढे म्हटले, त्या निखाऱ्यावर गवत घालून तो फुलवला की पुन्हा खूप काही जाळतो.

विचार करा, वाचकहो! हा प्रयोग आहे. त्यात पाण्याची मुभा आहे, दिवसांची मर्यादा आहे, आधीची आणि नंतरची परीक्षा आहे. आणि त्याचा निष्कर्ष उपवासाची थोरवी सांगत नाही. मन हे अन्नमय आहे, असे तो सांगतो. खर्चाचा पाचवा हिस्सा जो मेंदू घेतो, त्याची ओढाताण झाली की पाठांतरही साथ सोडते. नामस्मरणासाठी उपवास करावयाचा आणि भुकेने नामच सुचू नये, हा व्यवहार श्रुतीलाही मान्य दिसत नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगूने तप करून पहिले ब्रह्म ओळखले ते अन्न, आणि अन्नाची निंदा करू नये हे तेथे व्रत म्हणून सांगितले आहे.

एक दिवस न खाल्ल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. यकृतात पिष्टाचा थोडा साठा असतो. तो दिवसभरात संपतो आणि मग अंगची चरबी जळू लागते. तेल संपण्यापूर्वीची ही सोय परमेश्वराने करून ठेवलेली आहे. पण अर्धपोटीपण आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर देह शहाण्या गृहिणीसारखा वात बारीक करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी राहून पाहिले. रोजचे अन्न होते सुमारे १,५७० उष्मांकांचे. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले आणि मूलभूत दर सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे, मन उदास व चिडचिडे होई, आणि जागेपणी व स्वप्नात अन्नावाचून दुसरा विषय सुचेना. वर्षानुवर्षे सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीचे हातपाय थंड का पडतात, तिला सदैव थकवा का असतो, याचे एक उत्तर येथेही सापडते.

दुष्काळाची साक्ष

आमच्या सोलापूर जिल्ह्याला हे गणित पोथीत वाचावयाची गरज नाही. पर्जन्यछायेतला हा मुलूख. येथे दुष्काळाने ते वारंवार शिकवले आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान लावले की आजही श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पंधराव्या शतकातील भीषण दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी खुली केली, आणि पांडुरंगाने विठूच्या रूपाने जाऊन त्याची भरपाई केली, अशी ती कथा. पंतांनी कोठार उघडताना माणशी मापे धरली नाहीत. देवही त्या हिशेबाच्या बाजूने उभा राहिला.

आता दुसरा हिशेब पाहा. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खनमध्ये हाहाकार उडाला होता आणि सोलापूर जिल्हाही त्यात होरपळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवली : दिवसभराच्या कष्टांबद्दल पुरुषास एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर थोडी रोकड, स्त्रीस त्याहूनही कमी. अधिक दिले तर लोक मदतीवर विसंबून राहतील, अशी भीती घालण्यात आली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, श्रम करणाऱ्यास निदान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी हवी, असे ठासून सांगितले. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या सार्वजनिक सभेने पुण्याहून त्यांची बाजू मांडली.

त्या एका पौंडाचे आज माप करून पाहू. ४५० ग्रॅम ज्वारीतून मिळतात सुमारे १,५५० उष्मांक. मिनेसोटातील अर्धपोटी तरुणांच्या वाट्याला जेवढे आले, जवळजवळ तेवढेच! फरक इतकाच की हे तरुण वैद्यांच्या देखरेखीखाली होते, आणि आपले लोक उन्हात माती वाहत व खडी फोडीत होते. कष्टकऱ्याची गरज ३,००० च्या वर. हाती आले निम्मे. त्यातला बहुतेक भाग श्वास चालू ठेवण्यातच संपला. मग पाटी उचलण्याचे बळ कोठून यावे? ते बळ देहाने स्वतःचे स्नायू जाळून दिले. देहाला लागणारे किमान तेल न जाणणारा कारभार किती निष्ठुर ठरतो, याचा हा कायमचा धडा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली आणि कामावर सुकडी वाटली गेली, ती ज्यांनी खाल्ली ते आजही तिची चव सांगतात. शंभर वर्षांत राज्यकर्त्यांनी निदान इतके शिकले होते की, कुदळ हाती द्यावयाची तर घासही द्यावा लागतो.

सरकारकडून जी दया आपण अपेक्षितो, ती आपल्या स्वयंपाकघरात आहे काय? करमाळा तालुक्यात नवरात्राच्या सुमारासच रब्बी ज्वारीच्या पेरणीची धांदल असते. पेरणीमागे दिवसभर वाकून काम करणारी स्त्री ही मध्यम वा कष्टाच्या श्रमाची मानकरी. तिला २,१०० ते २,७०० उष्मांक हवेत. नऊ दिवसांच्या उपवासात दोन कप गोड चहा, एक केळे आणि रात्री वाटीभर भगर, एवढेच तिच्या पोटात गेले, तर ते पाचशेच्या आगेमागे भरते. टेंपलसाहेबाच्या मापाचा हा तिसरा हिस्सा! तिच्यावर ही सक्ती कोणी केलेली नसते. पण तिचे पान कोणी पाहिलेलेही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. ज्या घरात कन्यापूजन होते, त्या घरातील कन्या मोठी झाल्यावर तिचे रक्त का आटते, याचा विचार कुमारिकेचे पाय धुताना अवश्य व्हावा.

उपवासाचे पान

याच्या उलट बाजूही आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. ताटलीभर साबुदाण्याची खिचडी घ्या. त्यात ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप आणि एक लहान बटाटा धरला तर साडेपाचशेच्या आसपास उष्मांक होतात. म्हणजे स्त्रीच्या मूलभूत गरजेचा जवळजवळ निम्मा भाग एका ताटलीत! सोबत तळलेले वडे, चिवडा आणि बर्फी आली की बैठ्या माणसाचा उपवास रोजच्या जेवणाला मागे टाकतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिन नाममात्र. त्याने अग्नी भडकतो आणि लवकर बसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सारी अमेरिका खंडातून गेल्या चारपाचशे वर्षांत आलेली मंडळी आहेत. आमच्या स्मृतिकारांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते. तेव्हा उपवासाचे पान हे काळाप्रमाणे बदलत आलेले आहे, आणि ते अधिक शहाणपणाने मांडण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही.

असे पान मांडून पाहू. सकाळी पेलाभर गाईचे दूध आणि दोन केळी. दुपारी साठ ग्रॅम वरीचे भगर, पंचवीस ग्रॅम दाण्यांची आमटी आणि वाटीभर दही. सायंकाळी दीडशे ग्रॅम उकडलेले रताळे. रात्री दुधात राजगिऱ्याच्या लाह्या. दिवसभरात दोन चमचे तूप. यांची बेरीज सुमारे १,२०० होते. ५५ किलोच्या स्त्रीचा नंदादीप एवढ्याने जेमतेम भागतो. शेतातील काम, धुणे, मंदिरापर्यंतची पायपीट यांचे तेल यात नाही! म्हणून ज्या दिवशी कडक उपवास, त्या दिवशी कष्ट कमी असावेत. आणि कष्ट टळत नसतील तर पान मोठे असावे. सोलापूरहून कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे भाविक सुमारे ४५ किलोमीटर चालतात. मध्यम बांध्याच्या माणसाला किलोमीटरला पंचेचाळीस-पन्नास उष्मांक धरले तरी वाटचालीचाच खर्च दोन हजारांच्या घरात जातो. वाटेवर गावोगावी दूध, केळी, फराळ घेऊन उभे राहणारे लोक हे गणित न मांडता सोडवतात. आषाढात त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आमच्या तालुक्यातून पंढरीस जाते, तेव्हा पिठले-भाकरीच्या पाट्या घेऊन धावणारी गावेही तेच करतात. अन्नदान हे चालत्या नंदादीपात तेल घालणे होय.

शास्त्राने दिलेली मोकळीक

उपवास या शब्दाचा अर्थ जवळ राहणे, परमेश्वराच्या सन्निध वास करणे. पोट जाळणे हा त्याचा अर्थ नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, अती खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबलावर ठेवली आहे. सर्वांना एक माप त्यांनी लावले नाही.

धर्मशास्त्राची दृष्टीही अशीच उदार आहे. ‘धर्मसिंधु’ या निबंधग्रंथाचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्ये हे आपल्या पंढरपूरचे. ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्यात एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशी वर्षांपर्यंत सांगितला आहे, आणि ज्यास पूर्ण उपवास झेपत नाही त्यास एकभुक्त, नक्त, फलाहार, हविष्यान्न असे पर्याय दिले आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, हे तर व्रतप्रकरणातील सर्वमान्य वचन आहे. त्यातील शेवटचा शब्द मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रुग्णांनी मनावर कोरून ठेवावा. औषध चुकवून केलेला उपवास शास्त्राला अभिप्रेत नाही. आणि मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेऊन न खाणे हे तर प्राणाशी खेळणे आहे. अशांनी उपवासापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि ती गुरूची आज्ञा समजून पाळावी.

गर्भवतीला रोज ३५० उष्मांक अधिक हवेत, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या लेकराला अंगावर पाजणाऱ्या मातेला ६०० अधिक. तिच्या देहात एकाच्या तेलावर दोन दिवे चालतात. तिने निर्जळी वा कडक उपवास करू नये. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने तिला हे आपणहून सांगावे, म्हणजे तिच्या मनाला टोचणी लागणार नाही. सासूबाईंच्या तोंडून ‘तू जेव, मुली, तुझ्या वाटचे मी नाम घेते’ एवढे शब्द निघाले तर कमलाभवानीला त्याहून मोठी ओटी कोणती? वाढत्या वयाच्या मुलामुलींनाही नऊ दिवसांच्या उपवासाचा आग्रह नको. त्यांनी एखादा पदार्थ सोडावा, एखादे स्तोत्र पाठ करावे; तेही व्रतच आहे. साठी ओलांडलेल्यांचा अग्नी मंद झालेला असतो. त्यांनी तळणाऐवजी दूध, ताक, उकडलेले कंद यांवर भर द्यावा आणि पाणी पिण्यास विसरू नये.

बलदंड, बैठ्या, सुखवस्तू माणसाने मात्र उपवास खरोखर करावा. त्याच्या अंगी तेलाचा साठा भरपूर असतो. ‘उठता-बसता’ म्हणजे पहिल्या व शेवटच्या दिवशी उपवास करण्याची रीत आपल्याकडे आहेच. ती पाळताना फराळाच्या नावाखाली दुप्पट न खाता, वाचलेले धान्य एखाद्या उपाशी घरी पोहोचवावे. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने कमी खावे आणि ज्याला कमी पडते त्याला पोटभर मिळावे, हाच दामाजीपंतांच्या कोठाराचा न्याय आहे.

यंदा घटस्थापनेला नंदादीप लावताना प्रत्येक कर्त्या पुरुषाने एक छोटा नेम करावा. नवमीपर्यंत रोज, देवीला नैवेद्य दाखवून झाल्यावर, स्वतः पानावर बसण्यापूर्वी, घरातील उपवासकरी स्त्रीने दिवसभरात काय खाल्ले ते तिला विचारावे. उत्तर ‘चहा झाला’ एवढेच आले तर दुधाचा पेला आपल्या हातांनी तिच्यापुढे ठेवावा. समईत तेल घालणारा हात तिचा असतो; तिच्या देहातील दिव्याची काळजी वाहणारा हात घरातील इतरांचा असावा. जगदंबा प्रत्येक घरी तृप्त असो!